परीक्षणात शेवट कशाला सांगता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं कादंबरीचं परीक्षण वाचलं. लिहिणाऱ्यांच्या व्यासंगाबद्दल आदर आहे. पण तिसऱ्याच परिच्छेदात थोरली बहीण घर सोडून कुठे गेली आणि का गेली, हे त्यांनी सांगून टाकलं. वाचक ज्यासाठी अख्खी कादंबरी वाचणार, ते दोन ओळींत संपवलं.

मी तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ही कादंबरी आमच्याकडे आल्यापासून नंबर लावून वाचली जाते. आज सकाळी कुलूप काढतोय तोच एक निवृत्त शिक्षिका आल्या. म्हणाल्या, "माझं नाव खोडा. शेवट काल पेपरात वाचला." महिनाभर थांबल्या होत्या त्या. वहीत त्यांच्या नावावर रेघ मारताना भयंकर चीड आली.

आणि इतकं सांगूनही पुस्तक कसं आहे ते कळत नाहीच! बोली नीट उतरली आहे का, कुठे कंटाळा येतो, मुद्रितशोधन बरं आहे का, यावर अक्षर नाही. अर्धा मजकूर लेखकाच्या आधीच्या पुरस्कारांचा. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'चं उदाहरण घ्या. धरणापायी उठलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस आणि तिला आणायला निघालेला माणूस, एवढंच मी सांगतो आणि पुस्तक हातात देतो. पुढचं ज्याचं त्यानं वाचावं. ही कादंबरी आमच्या कोल्हापूरकडच्या लेखकाची, तरी 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर होईपर्यंत आमच्याकडे ती फारशी कुणी मागितली नाही. वेळेवर चार चांगल्या ओळी छापून आल्या असत्या तर मागितली असती.

नवं पुस्तक येणार म्हटलं की आमच्या टेबलाशी गर्दी होते. 2010 मध्ये भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' ही कादंबरी आली, तेव्हा प्रत पोचण्याआधीच नोंदणीचं पान भरलं होतं. पुढचे भाग कधी, असं आजही विचारतात. हा उत्साह मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या 'आगामी' सदरात मात्र नुसती पुस्तकांची नावं. प्रकाशक कोण, पुस्तक कोणत्या महिन्यात येणार, काही नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची मुदत उलटल्यावर नाव छापून आम्हाला काय उपयोग? आमची खरेदी अनुदानावर चालते, तिथे सवलतीचा रुपयाही मोजावा लागतो.

दिवाळी अंकांचंही तेच. आमची वर्गणीची यादी दिवाळीआधी ठरते आणि तुमच्याकडे अंकांची ओळख येते डिसेंबरात, तीही मुखपृष्ठाच्या कौतुकासह.

परीक्षणाखाली प्रकाशक, पानं आणि किंमत एवढी चौकट येत्या रविवारपासून द्यावी. आणि शेवट छापू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ग्रंथपाल, जि. कोल्हापूर