बॅनर न लावता करता येणारी मजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चाळिशी-पन्नाशीत मन कसं रमवावं यावर पुरवण्यांमध्ये जे छापून येतं, त्यात जिम, विमानाची सहल, कॅमेऱ्याचा क्लास, महिन्यातून एकदा रिसॉर्ट अशी यादी असते. आपल्या विदर्भातल्या दिग्रस किंवा मंगरूळपीरकडचा पन्नाशीतला माणूस ती वाचतो आणि पान उलटतो. पोरगं पुण्यात, पोरीच्या लग्नाचं देणं अजून फिटायचं, सोयाबीन घरात पडून. पैशाची अडचण खरीच आहे. पण गावात मजा अडते ती त्याआधीच. एक तर कशालाच ठरलेला वार नसतो. दुसरं म्हणजे काहीही सुरू केलं की त्याचा 'कार्यक्रम' होतो: वर्गणी, बॅनर, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ. चार जणांनी मिळून करायची गोष्ट चाळीस जणांची झाली की पुढच्या वेळेस कोणी पुढाकार घेत नाही. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते पाच-सात जणांपुरतं, ठरलेल्या दिवशी आणि पाहुण्यांशिवाय करायचं आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आपलं आभाळ. शहरातल्या लोकांना अंधारं आकाश बघायला गाडी करून लांब जावं लागतं. आपल्याकडे गावाबाहेरच्या वावरात बाज टाकली की झालं. वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंत संध्याकाळच्या वेळी चंद्र अडथळा करत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पाहून तेवढ्यातला एक वार धरावा. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि बहुतेकांचं इथंच बिघडतं. पाच मिनिटं वर बघितलं, मोबाइल काढला, पुन्हा वर बघितलं, काही दिसलं नाही म्हणून घरी. मोबाइलचा पांढरा उजेड डोळ्यांवर पडला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरानं लावला की वाट दिसते आणि डोळेही बिघडत नाहीत. खांबावरचा एलईडी दिवा डोळ्यांत येत असेल तर घराच्या किंवा गोठ्याच्या सावलीत बसावं.

सुरुवात मृगापासून करावी. मृग लागलं, मृगाची पेरणी, असं आपण जन्मभर म्हणतो. पण ७-८ जूनला मृग 'लागतं' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, आणि त्यामुळे त्या दिवसांत ते नक्षत्र दिसूच शकत नाही. ते बघायचं हिवाळ्यात. जानेवारीच्या शेवटी रात्री नवाच्या सुमारास मृग डोक्याच्या थोडं दक्षिणेला असतो. चार तारे म्हणजे त्याचे पाय आणि मधले एका ओळीतले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण. जुनी माणसं याच तिघांना तिकांडं म्हणतात. या तिघांची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की निळसर पांढरा, लखलखीत व्याध सापडतो. तीच रेघ उलट दिशेनं वर नेली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. कृत्तिकेत किती तारे मोजता येतात यावर नजरेची पैज लावता येते. सहा दिसले तर नजर बरी, त्याहून कमी दिसले तर चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्यावा. पाऊस मोजायला ज्या नक्षत्रांची नावं वापरतो त्यातली पाच-सहा एका हिवाळ्यात ओळखीची होतात.

त्याच रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून दीड-पावणेदोन मुठी वर, अगस्त्य दिसतो. मूठ म्हणजे हात पूर्ण लांब करून डोळ्यासमोर धरलेली मूठ. ती साधारण दहा अंश भरते. उत्तरेला ध्रुव आपल्याकडून दोन मुठींवर असतो आणि रात्रभर जागचा हलत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या आसपास बरोबर दक्षिणेला, जेमतेम एका मुठीवर, त्रिशंकू म्हणजे चार ताऱ्यांचा क्रूस दिसतो. दिल्लीकडून तो जवळजवळ क्षितिजाला टेकलेला, आपल्याकडे मोकळ्या माळावरून चांगला दिसतो. मात्र दक्षिणेला झाड, डोंगर किंवा धुळीचा पडदा नको. मेमध्येच अकरानंतर आग्नेयेला विंचवाचा आकडा आणि त्यातली लालसर ज्येष्ठा वर येते. मध्यरात्रीनंतर तिच्यामागून आकाशगंगा चढते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना तर उठून कुठे जायचीही गरज नाही. १३-१४ डिसेंबरच्या रात्री दहानंतर उल्का पडताना दिसतात. त्या रात्री चंद्र नसला तर एवढी फुकटची आतषबाजी दुसरी नाही.

दुर्बीण पहिल्या हंगामात घेऊ नये. नंतर पाच जणांत मिळून एक १० × ५० ची घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 'शंभर पट' असं लिहिलेली स्वस्त दुर्बीण घेतली की पैसे गेले. तेवढ्या पटीला हात स्थिर राहत नाही, चित्र नुसतं थरथरतं. १० × ५० सुद्धा उभ्यानं धरली तर गुरूचे चार चंद्र नाचताना दिसतील. बाजेवर पाठ टेकून, कोपर छातीला लावून धरली की ते शांत उभे राहतात. रात्री वावरात जाताना बूट घालावेत आणि बाज जमिनीपासून हातभर तरी उंच असावी. पावसाळ्यात गच्चीच बरी, कारण विंचू-सापाला आपल्या छंदाचं काही घेणं-देणं नसतं.

आता खाण्याचं. हिवाळ्यात वावरात हुरडा होत असे, पण ज्वारी गेली, सोयाबीन-कपाशी आली. उरलेली ज्वारी पाखरं आणि रानडुकरं सोडत नाहीत. तरीही विहिरीजवळ, घराच्या नजरेत दोन गुंठे वाणीचा, म्हणजे हुरड्याच्या खास ज्वारीचा, हुरडा लावता येतो. तो सगळा एकदम पेरू नये. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं तीन तुकडे पेरले की हुरडा महिनाभर पुरतो, नाहीतर दाणा खाण्याजोगा राहतो तो आठवडाभर. दाणा नखानं दाबावा. पांढरं पाणी उडालं तर अजून कवळा आहे, कणकेसारखा दबला तर आजच भाजावा, नख आत गेलंच नाही तर तो भाकरीचा झाला. माणशी चार-पाच कणसं, सोबत तिळाची आणि जवसाची चटणी, दही, गूळ.

हुरड्याचा हंगाम लहान असतो. बाकी थंडीभर रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आहेतच. दहा-बारा जणांना पुरतील अशा वीस रोडग्यांना दोन किलो गव्हाचं पीठ लागतं. पाकिटातलं बारीक पीठ घेऊ नये, रोडगा चिवट होतो. गिरणीवाल्याला रोडग्यासाठी म्हणून सांगितलं की तो जाडसर दळून देतो. त्यात पाव किलो तेलाचं मोहन, दोन चमचे ओवा, मीठ आणि चिमूटभर हळद. मूठ दाबली की पिठाचा लाडू टिकला पाहिजे. नाही टिकला तर मोहन कमी पडलं आणि रोडगा दगडासारखा होणार. कणीक घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी. तीन-चार लहान पुऱ्या तेल लावून एकीवर एक ठेवाव्यात, बाहेरून एका मोठ्या पुरीनं बांधून संत्र्याएवढा गोळा करावा. त्याहून मोठा केला की बाहेर जळतो आणि आत कच्चा राहतो.

जाळाचं काम खरं कसबाचं आहे. पंचवीस-तीस वाळलेल्या गोवऱ्या पेटवाव्यात आणि ज्वाळा पूर्ण बसेपर्यंत थांबावं. हे थांबणंच लोकांना जमत नाही. ज्वाळेत टाकलेला रोडगा काळा होतो, ओलसर गोवरीवर टाकलेल्याला धुराचा वास लागतो. निखाऱ्यांवर राखेचा थर आला की रोडगे मांडावेत, वरून थोडी आर (निखारे) पसरावी आणि दर दहा मिनिटांनी फिरवावेत. पाऊण तासात होतात. भेगा पडल्या आणि बोटानं टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की काढावेत, जाड फडक्यानं राख झटकावी, हातानं फोडून वर तूप. सोबत घट्ट वरण आणि दोन किलो काटेरी वांग्यांची भाजी, वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. फेब्रुवारीनंतर तुरी-कपाशीच्या वाळल्या तुराट्या-पऱ्हाट्यांजवळ आर पेटवू नये आणि दोन बादल्या पाणी हाताशी असावं. एक अट मात्र पाळावीच. रोडगे पुरुषांनी करायचे, भांडीही त्यांनीच घासायची. आपल्याकडे देवस्थानावर पुरुष रोडगे करतातच, म्हणजे त्यांना येत नाही असं नाही. बायकांनी घरचाच स्वयंपाक झाडाखाली येऊन केला तर त्यांची सहल कुठे झाली?

सायकलीचं थोडक्यात. घरोघर एक तरी जुनी सायकल भिंतीला टेकून गंजते आहे. ट्यूब-टायर, ब्रेकचे रबर, छरे आणि ग्रीस एवढ्यात ती चालू होते. पन्नाशीत सायकल सुटते ती गुडघ्यांमुळे, आणि गुडघे दुखतात ते बहुधा सीट खाली असल्यामुळे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली न्यावं. तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं चालवताना गुडघ्याला हलकासा वाक राहतो. चेनला पंधरा दिवसांतून एकदा थेंब-थेंब तेल द्यावं आणि लगेच फडक्यानं पुसावं. जास्त झालेल्या तेलात काळी माती बसते आणि चेन खाते. बाभळीच्या काट्याचा आपला मुलूख, तेव्हा पंक्चरचं सोल्युशन, दोन पॅच आणि लहान पंप सोबत हवाच. काटा काढल्याशिवाय ट्यूब जोडली की शंभर पावलांवर पुन्हा पंक्चर. मार्च ते जून सकाळी आठच्या आत घरी यावं. चढावर छातीत दाटून येत असेल तर सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

भजन जवळजवळ प्रत्येक गावात आहे. खंजिरी, पेटी, टाळ देवळात पडलेले असतात. वय वाढलेल्यांचा घसा बसतो तो ईर्ष्येनं. शेजारच्या मंडळानं काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला, म्हणजे उंच) सूर लावला म्हणून आपणही लावायचा, हे पुरुषांच्या पन्नाशीतल्या आवाजाला झेपत नाही. पेटी काळी एक किंवा पांढरी दोनला लावली की दोन तास गाऊनही दुसऱ्या दिवशी आवाज राहतो. बायकांना काळी चार सोयीची, म्हणून दोघांनी एकाच सुरात गाण्याचा हट्ट नको. आळीपाळीनं गावं. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं. ते निखाऱ्यापासून हातभर अंतरावर धरून शेकावं. जवळ नेलं तर आधी ताणतं, मग फाटतं. लाऊडस्पीकर लागला की तेही पुन्हा कार्यक्रमात जमा. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, लोकांना रात्र जागवायला शिकवायला नको, दिवाळी संपली की वडशाच्या नाटकांच्या तारखा त्यांना पाठ असतात.

बायकांना अजून एक गोष्ट हाताशी आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. ते माहेर, दवाखाना आणि लग्नालाच कशाला खर्च करायचं? चार-पाच जणींनी महिन्यातला एक दिवस ठरवावा: सेवाग्राम आणि पवनार एका दिवसात होतात, रामटेक होतं, सिंदखेडराजा होतं. लोणारला गेलात तर विवरात सकाळी दहाच्या आत उतरावं, कारण उतरणं सोपं वाटतं आणि सव्वाशे मीटरहून जास्त परत चढताना उन्हात गुडघे बोलू लागतात. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नये, सरोवर बघून लोक तिथूनच परततात. निघण्याआधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंट्रोलरकडून विचारून घ्यावी, फलकावरची वेळ जुनी असू शकते. पुरुषांना मात्र पासष्टीपर्यंत पूर्ण तिकीट आहे. त्यांच्यासाठी महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. पेरणी आटोपल्यावर किंवा तूर निघाल्यावर तो घेतला तर पुरेपूर वसूल होतो.

आपल्याला विनंती अशी की जिल्हा पानावर दर महिन्याला हातभर जाहिरातीच्या जागेऐवजी बोटभर चौकट द्यावी. त्यात अंधाऱ्या रात्रींच्या तिथी, त्या महिन्यात रात्री नवाला दिसणारी दोन-तीन नक्षत्रं आणि ती कुठल्या दिशेला बघायची ते, झाडीपट्टीच्या प्रयोगांच्या तारखा आणि तालुक्याच्या ठिकाणाहून सुटणाऱ्या सकाळच्या पहिल्या व संध्याकाळच्या शेवटच्या एसटीची वेळ एवढंच असावं. वेळा बदलल्या की आगारातून दर महिन्याला नव्यानं घ्याव्या लागतील. ते काम आपल्या तालुका प्रतिनिधीला एका फोनवर होईल.

आपला,
एक वाचक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ