आबा, तुम्ही त्या रात्री गप्प बसला नाहीत

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण पुण्यात लांडगा वाचवण्याविषयी बोलणं निघालं की वनखात्याचं नाव निघतं, अभ्यासकांचं निघतं, पण तुमच्यासारख्या मेंढपाळाचं निघत नाही.

सुप्याच्या माळावर काही मेंढपाळ पोरांनी लांडग्याला मारायला मेलेल्या मेंढीत थिमेट, म्हणजे जहाल कीटकनाशक, घालायचं ठरवलं होतं. वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुणाचा, ते इथे लिहीत नाही. तुम्ही रात्रीच तिथे गेलात. त्याच आठवड्यात लांडग्याने तुमचंही कोकरू नेलं होतं, म्हणून तर त्या पोरांनी तुमचं ऐकलं. माझ्यासारखीने शहरातून येऊन कायदा सांगितला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि मी गेल्यावर विष घातलं असतं. "त्याचं बी पोट हाय, पर आपलं नुकसान सरकारनं भरून द्यायला पायजे," असं तुम्ही म्हणालात आणि सकाळी वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घेतलात. या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच दमात बोललात, हे मला फार मोलाचं वाटतं.

ते विष एका लांडग्यावर थांबलं नसतं. तरस, खोकड, वाड्यावरची कुत्रीसुद्धा गेली असती. आणि थंडीत, पिल्लांच्या दिवसांत, मादी मेली की दुधावरची पिल्लंही बिळात मरतात.

अशा मरणाची नोंद कुठेच होत नाही, आबा. स्वीडन-नॉर्वेमधल्या लांडग्यांचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. तिथले जवळपास निम्मे मृत्यू चोरट्या शिकारीमुळे होत होते आणि त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक कुणाच्या नजरेलाच आले नव्हते. काहीजण म्हणतात, थोडे लांडगे मारायची परवानगी द्या, म्हणजे लोकांचा राग निवेल. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिशिगन राज्यांतल्या आकडेवारीवरून 2016 मध्ये अभ्यासकांनी उलटाच निष्कर्ष काढला: सरकारने मारायची मुभा दिली त्या काळात चोरटी शिकार वाढली असावी. पुढे 2021 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमध्ये शिकार खुली झाली, तेव्हा ठरलेली संख्या 119 होती आणि तीन दिवसांच्या आतच 218 लांडगे मारले गेले. 2016 च्या त्या निष्कर्षावर वाद आहेत, पण मला तो पटतो. सरकारनेच जीव स्वस्त ठरवला की हात आवरायला कारण उरत नाही.

आपल्याकडे लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. 2022 मधल्या एका अंदाजानुसार देशात तो जेमतेम 3,100 च्या आसपास उरला आहे, म्हणजे वाघाहून फार वेगळी स्थिती नाही. त्यातले पुष्कळ अभयारण्याबाहेर, तुमच्या मेंढरांच्याच गवतावर राहतात. ते गवत कागदोपत्री 'पडीक' ठरतं, मग तिथे प्लॉट पडतात, कारखाने येतात, आणि चराई जाते तेव्हा लांडग्याची जागाही जाते. मेंढपाळाला एकट्यालाच लांडग्याचा खर्च सोसायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

तुमचे आभार मानायला शब्द पुरत नाहीत. तुम्ही थांबवलंत त्या पोरांचेही आभार, कारण ऐकणंही सोपं नव्हतं. त्यांच्या भरपाईच्या अर्जात एक कागद कमी पडतो आहे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. येत्या रविवारी सुप्याला येते, आपण तो अर्ज पूर्ण करून टाकू.

आपली,
पुण्याची एक कॉलेजातली शिक्षिका