बाबा, मी कॉम्प्युटर शिकवत नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा दांडिया बाजारात कुणीतरी विचारलं की मुलगी काय शिकवते आणि बाबांनी "कॉम्प्युटर" सांगून टाकलं म्हणे. अहो, तीस वर्षं झाली, आता तरी "कंट्रोल" म्हणा, यंत्र आपोआप ताब्यात ठेवायचं शास्त्र! आई, तू हसू नकोस, तू तर "मशीनचं काहीतरी" सांगतेस.

आणि गंमत म्हणजे बाबांना हे माझ्या आधीपासून येतं. सेकंड शिफ्ट करून तुम्ही रात्री जेवायला बसायचात आणि बॉयलरवरच्या नव्या पोरावर चिडायचात, आठवतंय? प्लान्टने एकदम जास्त स्टीम ओढली की ड्रमचं, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीचं, प्रेशर पडतं, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि काचेत लेव्हल चढलेली दिसते, मग तो पोरगा फीडवॉटर, म्हणजे आत येणारं पाणी, तोडायचा, आणि खरं तर आतलं पाणी कमीच होत असायचं. "काच खोटं बोलते, दम धर," असं तुम्ही त्याला सांगायचात. मी शेजारी बसून शिकरण खात होते, मला काय कळतंय.

कलाभवनात इंजिनिअरिंग करताना हे आलं नाही, पुढे एमटेकला आलं. नॉन मिनिमम फेज, राइट हाफ प्लेनमधला झिरो, म्हणजे आधी उलटं जाऊन मग सुलटं वळणारी सिस्टिम, सरांनी अख्खा फळा भरला आणि मला एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं. उपाय काय, तर नुसत्या लेव्हलवर विसंबायचं नाही, स्टीमचा आणि पाण्याचा फ्लोही मोजायचा, थ्री एलिमेंट म्हणतात त्याला. तुमचा कान कायम स्टीमकडे असायचा, तो तोच की! पीएचडीला मी हाच ड्रम घेतला, तेव्हा लाजेनं सांगितलं नाही तुम्हाला.

पहिल्या लेक्चरला मी अजून वॉटच्या गव्हर्नरपासून सुरू करते, १७८८ चा, इंजिन पळालं की फिरणारे गोळे वर जातात आणि वाफ कमी होते. पण कधीकधी स्पीड नुसता खालीवर होत राहायचा, हंटिंग. अशा गव्हर्नरचं गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. पोरं कंट्रोलर जुळवायचे झिगलर-निकोल्सचे १९४२ चे नियम घडाघडा म्हणतात, पण खरा लूप, म्हणजे मोजायची आणि दुरुस्त करायची साखळी, हलायला लागला की पाच सेकंद हात बांधून बसवत नाही त्यांना. बॉयलरवरची आठ दिवसांची शिफ्ट कंपल्सरी करायला हवी, पण माझं कोण ऐकतंय.

बरं, आई सांगत होती की नव्या सोलरच्या पाण्याने बाबांचा हात भाजला. गच्चीपासून पाइप लांब आहे, गरम पाणी पोचायला मिनिटभर लागतं, तोवर बाबा, तुम्ही नळ फिरवत फिरवत फुल करून ठेवता. जरा फिरवा आणि दम धरा.

दिवाळीला येतेच आहे.

तुमची,
ताई