ब्लॉक सोबत घेऊन या

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

‘आई, फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे, आता स्वतःकडे बघ, लोकांचं बघायला डॉक्टर आहेत,’ असं तू काल फोनवर म्हणालास. मी हॉस्पिटलात इतर रुग्णांना समजावत बसते, ते तुला पटत नाही. बोलताना मला धाप लागते, म्हणून लिहिते.

डॉक्टर आहेतच, आणि जीव तोडून काम करतात. पण परळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीतली गर्दी तू पाहिली आहेस. तेवढ्यात ते औषध सांगणार, की यवतमाळहून आलेल्या माणसाला ब्लॉकबद्दल समजावणार? बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा लॅबवाले मेणात बसवून ठेवतात, तोच ब्लॉक. लोक नुसता रिपोर्टचा कागद घेऊन येतात. मग जनुकांची तपासणी करायची कशावर? पुन्हा गावी जा, ब्लॉक आणा, नाहीतर पुन्हा सुई. यात आठवडे जातात, आणि धाप वाढत असते.

माझ्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला, म्हणून मी रोज एक गोळी घेऊन आज हिंडतेफिरते आहे. आपल्या देशात अडेनोकार्सिनोमा या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात साधारण चारांतल्या एका रुग्णात हा बदल असतो. काहींच्यात एएलके या दुसऱ्या जनुकातला बदल निघतो, त्यावरही गोळ्या आहेत. ईजीएफआरच्या बदलावर देतात त्या ओसिमर्टिनिब या औषधावरचं आयात शुल्क 2024 च्या अर्थसंकल्पात माफ झालं, तरी ते सगळ्यांना झेपत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आधी तपासणी तर व्हायला हवी!

मला सुरुवातीला टीबीची औषधं चालली होती. फुफ्फुसात डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच. म्हणून मी सांगत असते, औषधं घेऊनही डाग हटत नसेल तर सीटी आणि बायोप्सीचं स्वतःहून विचारा.

सगळ्यात जास्त मला लागतो तो लोकांचा एक प्रश्न. ‘सिगारेट ओढायचात का?’ मी कधी ओढली नाही, पण ते सांगून मी सुटून जात नाही. ज्याने आयुष्यभर विडी ओढली त्यालाही तेवढीच धाप लागते. त्याची बायको मान खाली घालून बसते, ते मला बघवत नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसते.

आणि पॅलिएटिव्ह विभागाचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाचं, नाव निघालं की लोक रडायला लागतात, आता संपलं म्हणून. मी स्वतः तिथे जाते, धापेसाठी मॉर्फिनचा लहान डोस घेते, त्यामुळेच रात्री झोप लागते. 2010 मध्ये बोस्टनचा एक अभ्यास आला होता. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक बरे गेले, आणि ते इतरांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून अधिक काळ जगले. हे कोणीतरी सांगायला नको का?

कधीतरी गाठ या गोळीला दाद देईनाशी होईल. तेव्हा पुढचं पाहू. तुझ्यापासून मी काही लपवणार नाही.

पुढच्या महिन्यात माझा स्कॅन आहे, त्या दिवशी रजा काढ. रेल्वेच्या सवलतीचे फॉर्म भरून द्यायला माणूस कमी पडतो. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट माफ होतं, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते, आणि कित्येक जण पूर्ण भाडं भरून येतात. तुझं अक्षर चांगलं आहे. येताना दोन पेनं आण.

तुझी,
आई