ठकूची पहिली पोळी

म्युनिक,
रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

रोज फोनवर बोलतो आणि वर पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. पण फोन असतो ठकूच्या हातात. तुम्हाला तिचं कपाळ नाहीतर आमचं छत दिसतं आणि सांगायचं ते राहूनच जातं. मंगळवारी मैत्रीण पुण्याला निघालीय, तिच्या पर्समध्ये हे पाकीट बसतंय.

ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे गेली. ठकूला ते कोण सांगणार? सहाला उठणारी पोरगी पाचला उठायला लागली. म्हणून इथलं घड्याळ बदललं तरी तुमच्याकडे फोन पूर्वीसारखाच साडेनऊला येतो आणि आई, तू नेमकी पोळ्या करत असतेस.

मागच्या आठवड्यात तिची तपासणी झाली. इथे २१ ते २४ महिन्यांच्या दरम्यान ती करून घ्यायची असते, पिवळ्या वहीत नोंद होते. वजन, उंची सगळं ठीक. प्रश्न आला शब्दांचा. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं, असा साधारण ठोकताळा. (‘तू सव्वा वर्षाची असताना घडाघडा बोलायचीस’, हे आई तू आता सांगू नकोस. बाबांची आठवण वेगळी आहे.)

घरी येऊन आम्ही कालनिर्णयच्या जुन्या पानामागे यादी करायला बसलो. भूभू, माऊ, मम्मम, गाई, नको, संपलं, पाळणाघरातलं ‘हालो’. सत्तेचाळीसवर गाडी अडली. पाळणाघरात ती कुत्र्याला ‘वाउवाउ’ म्हणते, घरी ‘भूभू’. तिचा बाबा म्हणाला, कुत्रा एकच, मग शब्द दोन कसे धरायचे? पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही भाषांतले शब्द मोजायचे. लिहिला. ‘नको’ मात्र मी एकदाच धरला. दिवसात जितक्यांदा म्हणते तितका धरला असता तर पन्नास केव्हाच पार झाले असते.

जोडशब्द काही येईनात. मी वरवर हसत होते, पण रात्री फोनवर तेच वाचत बसायचे.

आणि गुरुवारी सकाळी तू डब्याला फोन टेकवून पोळी लाटत होतीस. ठकू खुर्चीत. तिने मेणाचा खडू आडवा धरला, दोन्ही तळहात त्यावर ठेवले आणि ताटलीवर मागेपुढे, मागेपुढे. मध्येच थांबून बोटांनी हवेतलं पीठ भुरभुरवलं, अगदी तू करतेस तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आज्जी पोई.”

तुला ते ऐकू गेलं नाही, तव्यावरची पोळी फुगली होती. मीही तेव्हा काही बोलले नाही, डोळे पुसत होते. म्हणून आता लिहून कळवते, आई: तिचं पहिलं वाक्य तुझ्या ओट्यावरचं आहे.

एक मात्र चुटपुट लागून राहिलीय. उन्हाळ्यापर्यंत ती फोन उलटा करून मागे तुला शोधायची, आठवतं? हल्ली शोधत नाही. पहिलं पाऊल आम्ही तारखेसकट लिहून ठेवलं, पण हे शोधणं कुठल्या दिवशी थांबलं ते दोघांनाही सांगता येत नाही.

बाकी मोजे काढून फेकणं जोरात चालू आहे. जिना कठडा धरून चढते, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, पर्वतीला निघालेल्या आजोबांसारखी.

डिसेंबरात येतोय. बाबा, पेशवे पार्कातली फुलराणी चालू आहे का तेवढं बघून ठेवा. १९५६ सालची ती गाडी, तुम्ही मला बसवलंत, आता हिला बसवा. आई, तुळशीबागेतून लहान पोळपाट-लाटणं आणून ठेव. लाकडीच हं.

खाली पेन्सिलीने गिरवलाय तो ठकूचा हात. करंगळी नाही, कारण तेवढ्यात तिने हात ओढून घेतला.

तुमची,
बाळी