बर्फातली हवा मोजली जाते, तिचा अंदाज बांधला जात नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता हे आज कोण सांगणार? ते सगळे संगणकाचे आकडे,’ असे मत हवामानबदलावरच्या वाचकपत्रांत वरचेवर वाचायला मिळते. शंका रास्त आहे. पण हे आकडे प्रत्यक्ष मोजलेले आहेत, आणि ज्या प्रयोगशाळेने ते मोजले तिथेच पुढे गोव्याच्या किनाऱ्यावरची हवाही तपासली गेली. म्हणून हे पत्र.

पूर्व अंटार्क्टिकात, किनाऱ्याजवळ, लॉ डोम नावाचा बर्फाचा घुमट आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेतले डेव्हिड एथरिज आणि त्यांचे सहकारी तिथल्या बर्फातली हवा कित्येक वर्षे अभ्यासत आले आहेत. जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. तिथे हिमवर्षाव इतका होतो की वर्षाकाठी मीटरभराहून जाड बर्फाचा थर साचतो, आणि थंडी अशी की उन्हाळ्यातही पृष्ठभाग फारसा वितळत नाही. वितळला तर पंचाईत होते, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि त्या थरातला आकडा खोटा वाढतो.

वरचा हिम सच्छिद्र असतो, त्यातून हवा खेळत राहते. साधारण 70 ते 90 मीटर खोलीवर दाबाने छिद्रे मिटतात आणि हवा बुडबुड्यांत कायमची अडकते. त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. लॉ डोमच्या डीई08 या गाभ्यात (बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलात) हा फरक सुमारे 30 वर्षांचा आहे. अंटार्क्टिकाच्या कोरड्या अंतर्भागात, उदाहरणार्थ व्होस्तोक या रशियन तळावर, तोच काही हजार वर्षांवर जातो. ‘आधी तापमान वाढले, वायू मागाहून वाढला, म्हणून तापमानवाढीचे कारण वायू नव्हे’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी: तापमान कळते बर्फावरून आणि वायू कळतो बुडबुड्यावरून. दोन्हींच्या वयातला फरक नेमका ठरवल्याखेरीज कोण पुढे, कोण मागे हे सांगता येत नाही.

किलोभर बर्फात साधारण 100 मिलीलिटर हवा असते. ती काढण्याची रीत अशी. गाभ्याचा बाहेरचा भाग तासून टाकतात, कारण भेगांतून आजची हवा शिरलेली असू शकते. मग तुकडा एका थंडगार धातूच्या नळकांड्यात ठेवून आतली हवा पंपाने पूर्ण काढून घेतात. नळकांड्याची आतली बाजू किसणीसारखी धारदार असते. ते जोरजोरात हलवले की बर्फ किसला जातो, बुडबुडे फुटतात आणि हवा मोकळी होते. बाष्प अतिशीत सापळ्यात अडकवून कोरडी हवा वेगळी साठवतात आणि मोजतात. बर्फ सरळ वितळवून का घेत नाहीत? मिथेनसाठी वितळवलेले चालते. कार्बन डायऑक्साइडसाठी नाही, कारण धुळीतल्या कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन पाण्यात नवाच वायू तयार होतो. ग्रीनलंडच्या बर्फात अशी धूळ जास्त, म्हणून या वायूच्या नोंदीसाठी अंटार्क्टिकाच भरवशाचा. किसण्याच्या क्रियेतूनच वायू येतो का, हेही तपासले जाते. बुडबुडे नसलेला बर्फ आणि प्रमाण माहीत असलेला वायू एकत्र घालून सगळी प्रक्रिया पुन्हा करतात, आणि जो फरक पडेल तेवढी दुरुस्ती करतात. इतके करून एका नमुन्यातली अनिश्चितता 1 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आसपास उरते.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र वेगळा आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत आणि दक्षिण ध्रुवावर थेट हवेतली मोजणी 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. लॉ डोमचा बर्फ इतका ताजा आहे की त्यातली हवा 1970 च्या दशकापर्यंत येते. दोन्ही नोंदी जिथे एकमेकींवर येतात, तिथे त्या जुळतात. बर्फ हवा बिघडवत असता तर हे झाले नसते.

त्या नोंदीत अठराव्या शतकात कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमच्या थोडा खाली दिसतो. 1600 च्या सुमारास थोडी घट आहे, 1940 च्या दशकात वाढ काही काळ थबकलेली आहे. असे बारकावे लॉ डोमसारख्या भरपूर हिमवर्षावाच्या जागीच मिळतात. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातल्या डोम सी इथला गाभा 8 लाख वर्षे मागे जातो, पण त्यात ही थबकलेली वाढ दिसणार नाही. तिथून एवढे कळते की त्या सगळ्या काळात हा वायू जेमतेम 300 पीपीएमपर्यंत गेला. 2024 ची जागतिक सरासरी 423.9 पीपीएम आहे. मिथेन औद्योगिक काळापूर्वी सुमारे 730 पीपीबी (अब्ज भागांत 730 भाग) होता, तो आता 1942 पीपीबी आहे. वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा दोष ज्वालामुखींना देणाऱ्यांसाठी: हवेतल्या कार्बन-13 चे (कार्बनच्या किंचित जड प्रकाराचे) प्रमाण सतत घसरते आहे. ज्वालामुखीच्या वायूने ते असे घसरत नाही. कोळसा आणि तेल जाळल्याने घसरते, कारण मुळात वनस्पतींतून आलेल्या त्या कार्बनमध्ये कार्बन-13 कमी असतो.

आता गोवा. काणकोण तालुक्यातल्या काबो द रामा इथे अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आणि सीएसआयआरओ यांनी 1993 पासून काचेच्या बाटल्यांत हवेचे नमुने घेतले. तपासणी सीएसआयआरओच्या मेलबर्नजवळच्या ॲस्पेनडेलच्या प्रयोगशाळेत. जागा उत्तम आहे: पावसाळ्यात अरबी समुद्रावरून दक्षिण गोलार्धातली हवा येते, हिवाळ्यात उपखंडाच्या भूमीवरची. एकाच कड्यावर दोन्ही मिळतात. नमुना घेताना वारा समुद्राकडून येत असावा, माणसाने वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहावे (उच्छ्वासात 40,000 पीपीएमच्या घरात कार्बन डायऑक्साइड असतो), बाटलीतून आधी भरपूर हवा वाहू द्यावी, आणि ती वाळवूनच भरावी. ओली राहिली तर कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्याशी अदलाबदल करतो आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) मापन वाया जाते.

ही सलग नोंद 2002 ला खंडित झाली, याचे आम्हाला फार वाईट वाटते. लॉ डोमवर चुकलेला काळ बर्फातून पुन्हा काढता येतो. कोकणच्या हवेचे चुकलेले वर्ष कुठूनच मिळत नाही. पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) 2009 पासून सिंहगडावर नमुने घ्यायला सुरुवात केली, ही समाधानाची बाब आहे. पण सिंहगड घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे किनाऱ्याची उणीव तो भरून काढत नाही.

शहरांतले स्वस्त संवेदक (सेन्सर) ही जागा घेऊ शकत नाहीत. त्यांची चूक 50 पीपीएमपर्यंत असते, आणि इथे 0.1 पीपीएमचा मेळ लागतो. तो प्रमाणित सिलिंडरशी वारंवार पडताळल्याशिवाय साधत नाही. बाल्कनीतला आकडा मौना लोआच्या आकड्याशेजारी छापू नये, ही आपल्याला विनंती. प्रत्येक आकड्याबरोबर ठिकाण, वर्ष आणि तो मासिक की वार्षिक हे द्यावे, कारण मे महिन्यातला उत्तर गोलार्धातला आकडा सप्टेंबरपेक्षा एरवीही जास्तच असतो.

गोवा आणि महाराष्ट्र सरकारांनी केंद्राकडे काबो द रामाची बाटलीबंद नमुन्यांची नोंद कायमस्वरूपी चालवण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी एक प्रशिक्षित माणूस, पंप, वाळवण्याची नळी, बाटल्यांची ने-आण आणि तपासणीचा खर्च एवढेच लागते. उपग्रहांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. आपण हा विषय लावून धरावा.

आपले,
वातावरणीय वायूंच्या मोजमापाचे अभ्यासक, पुणे