टेपरेकॉर्डरपाशी फोन धरून बसलेल्या मॅडमना

प्रिय मॅडम,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतंच मॅडम. इंग्रजीत तुम्हाला वेगळं लिहिलंच आहे. पण आभार चारचौघांत मानायचे होते, आणि माझे चारचौघं मराठी वाचणारे.

न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉप आणि पुढे अल्टरनेटिव्ह रॉक उगवत असताना त्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांवर मला लेख करायचा होता. इथल्या एका संपादकांनी "मराठीत हे वाचणार कोण?" म्हणत विषय झटकून टाकला. तिकडच्या नावाजलेल्या समीक्षकांनी मेलची साधी पोचही दिली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल केलात. 1979 पर्यंत रॅपची, म्हणजे हिप-हॉपमधल्या तालावर बोलत म्हणायच्या गाण्यांची, रेकॉर्डच बाजारात नव्हती. त्याआधीच्या ब्राँक्सचा, न्यूयॉर्कच्या ज्या भागात हिप-हॉप जन्मलं त्याचा, पुरावा म्हणजे पार्ट्यांत भरून घेतलेल्या कॅसेट, हाताने काढलेली पत्रकं आणि माणसांच्या आठवणी, हे तुम्ही आधी माझ्या डोक्यात पक्कं बसवलंत. मग एका जुन्या डीजेच्या मुलाखतीची कॅसेट काढलीत. तिची दुसरी प्रत नव्हती. भर उन्हाळ्यात, घरघर नको म्हणून तुम्ही एसी बंद केलात आणि फोन टेपरेकॉर्डरच्या स्पीकरपाशी धरून कॅसेटची अख्खी बाजू संपेपर्यंत बसून राहिलात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या तुम्ही! मला दिसत होती फक्त स्पीकरची जाळी आणि तुमचा अंगठा. मधूनच चित्र हलायचं. तुम्ही हात बदलत होतात. "राहू द्या, त्रास होतोय," म्हटलं तर म्हणालात, "शू! आता पार्टीसाठी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज कशी घ्यायचे, ते सांगतोय."

एवढं कुणी कुणासाठी करतं का हो? आयुष्यभराची मिळकत अनोळखी माणसापुढे अशी मोकळी करायला मोठं मन लागतं. ज्यांच्याकडे ते असतं, ते समोरच्याचा हुद्दा विचारत बसत नाहीत.

हिप-हॉप आणि रॉक या दोन वेगळ्या गल्ल्या समजू नकोस, हेही तुमचंच सांगणं. सोनिक यूथ या रॉक बँडच्या किम गॉर्डन यांनी 1989 मध्ये 'स्पिन' मासिकासाठी रॅपर एलएल कूल जेची मुलाखत घेतली. ती भेट काही जमली नाही, पण त्यातून सोनिक यूथचं गाणं निघालं, आणि 1990 च्या त्या गाण्यात पब्लिक एनिमी या रॅप गटाचा चक डी बोलून गेला. हा दुवा माझ्या टिपणात कुठेच नव्हता.

लेख आता पूर्ण झालाय. हिप-हॉपची सुरुवात जिथून धरतात त्या, 11 ऑगस्ट 1973 च्या, ब्राँक्समधल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या पार्टीचं श्रेय सगळे डीजे कूल हर्कला देऊन मोकळे होतात. ती पार्टी भरवली त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून. "तिला तळटीपेत टाकू नकोस," असं तुम्ही निक्षून सांगितलं होतंत. मॅडम, लेखाचं पहिलं वाक्य सिंडीचं आहे.

तुमचा ऋणी,
मुंबईचा एक लेखक